आधी बाळ, मग रिपोर्ट

प्रिय डॉक्टर,

सीआरपी, म्हणजे संसर्गाची रक्तचाचणी, निगेटिव्ह आला म्हणजे नवजात बाळाला सेप्सिस (रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग) नाही असं धरायचं का, हे तू विचारलंस ते बरं केलंस. धरायचं नाही. संसर्ग सुरू झाल्यावर सीआरपी वाढायला दहा-बारा तास तरी जातात आणि अकराशे ग्रॅमचं बाळ तेवढी सवड देईलच असं नाही.

सेप्सिस झालेल्या अशा बाळाला बऱ्याचदा ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. नळीने दिलेलं दूध पोटात तसंच राहतं, पोट किंचित फुगतं, श्वास मध्येच थांबतो. सुटं सुटं पाहिलं तर कशातच फार काही वाटत नाही. कांगारू केअरला, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी धरून, बसलेली आई म्हणते, "आज हा मलूल वाटतोय." हे वाक्य वेळेसह केसपेपरवर लिही आणि लगेच बाळाकडे जा. दुपटं सोड. श्वास पूर्ण एक मिनिट मोज. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नकोस, कमी दिवसांच्या बाळाचा श्वास एका लयीत नसतो. छातीवर बोट दाबून रंग परतायला तीन सेकंदांहून जास्त लागतात का पाहा. शुगर तपास. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चरला, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, एक मिलि तरी रक्त घे. अगदी थोड्या रक्तात जंतू सापडायचे राहून जातात.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच, जेमतेम शाळा शिकलेल्या बायांना लक्षणांवरून सेप्सिस ओळखायला शिकवलं. त्या घरी जाऊन बाळ तपासत, जेंटामायसिन हे अँटिबायोटिक टोचत. 39 गावांतल्या या कामाने तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी उतरला. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्यांच्याकडे ना लॅब होती, ना मॉनिटर. तुझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणून हात आणि डोळे मागे पडू देऊ नकोस.

हिरवी उलटी झाली तर दूध बंद कर आणि सर्जनला त्याच वेळी बोलाव.

आणखी एक. चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा तीस दिवसांच्या आत तपासायलाच हवा, फारच लहान असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. आरओपी, म्हणजे कमी दिवसांच्या बाळाच्या या पडद्याचा आजार, बाहेरून दिसत नाही आणि उशीर झाला तर दृष्टी कायमची जाते. डिस्चार्ज कार्डावर 'डोळे तपासणे' एवढंच लिहू नकोस. तारीख घाल, कुठे जायचं ते लिही आणि आईबरोबर आजीलाही समजावून सांग.