बाबांच्या पार्किन्सन्ससाठी घरात सेन्सर लावताना

आधी बाबांचा होकार घ्या, उपकरण नंतर. कोणता सेन्सर कुठे बसणार, तो काय टिपतो, नोंदी कोण पाहणार, हे गोळीचा असर असताना निवांत सांगा. बंद करायचं बटण त्यांनाही दाखवून ठेवा. पाळत वाटली की मनगटावरचा सेन्सरचा पट्टा कपाटात जातो, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

बेडरूम-बाथरूममध्ये कॅमेरा लावूच नका. रात्री किती वेळा उठले, हे कळायला पीआयआर सेन्सर (शरीराच्या उष्णतेवरून हालचाल टिपणारा) पुरतो. तो साधारण 2 मीटर उंचीवर लावा. खिडकीतलं ऊन थेट पडलं तर खोट्या नोंदी येतात. मात्र नेमकं कोण हललं, हे त्याला ओळखता येत नाही. घरात चार-पाच जण वावरत असतील तर चालण्याच्या नोंदी अंगावरच्या सेन्सरनेच घ्या.

मनगटी सेन्सर जास्त कंप असलेल्या हाताला, आणि पट्टा वेल्क्रोचा. बक्कल एका हाताने लावणं त्यांना जड जातं, मग दरवेळी कुणाला तरी हाक मारावी लागते. विश्रांतीतला कंप सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा असतो, त्यामुळे 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 वेळा घेतलेली, नोंद पुरेशी. दात घासणं किंवा कणीक मळणंही आलेखात कंपासारखं दिसू शकतं. पट्टा सैल असेल तर आणखीच गोंधळ.

सगळ्यात महत्त्वाचं: लेव्होडोपाच्या (पार्किन्सन्सवरच्या औषधाच्या) प्रत्येक गोळीची खरी वेळ लिहा, ठरलेली नव्हे. त्याशिवाय असर कधी ओसरतो हे डॉक्टरांना आलेखावरून सांगता येणार नाही. आलेख पाहून डोस स्वतः बदलू नका.