‘यलोस्टोन’ला एमी का नाही?

प्रश्न : ‘यलोस्टोन’ ही मालिका अमेरिकेत एवढी तुफान चालली, मग एमीत, म्हणजे तिथल्या टीव्ही पुरस्कारांत, तिचं नाव का दिसलं नाही?

उत्तर : अगदीच नाही असं नाही हो, २०२१ला एक नॉमिनेशन होतं, पण ते प्रॉडक्शन डिझाइनचं, म्हणजे सेट-सजावटीचं! बेस्ट ड्रामात मात्र कायम ठेंगा. कसंय, एमीला प्रेक्षक मत देत नाहीत, टेलिव्हिजन अकादमीचे मेंबर म्हणजे इंडस्ट्रीतलीच माणसं देतात, त्यांच्या डोळ्यासमोर राहायला स्टुडिओ होर्डिंग्ज, खास स्क्रीनिंग्ज असा बक्कळ खर्च करतात, टीआरपी तिथे कोण विचारतो. त्यात रँचवरचं, म्हणजे गुरांच्या मोठ्या फार्मवरचं कुटुंब, जमिनीची भांडणं, मारामाऱ्या, म्हणजे मसाला मालिका असा शिक्का बसला की संपलंच. तरी २०२३ला मालिकेचा हिरो केविन कॉस्नरला गोल्डन ग्लोब हा दुसरा मोठा पुरस्कार मिळालाच. माझं विचाराल तर पहिले सीझन नॉमिनेशनच्या लायकीचे होते, शेवटचा नाही.