गुरांचे भाव लिहिण्याची नोकरी

‘मुलगा बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स झाला. लोअर परळच्या एका कंपनीत लागलाय. दुपारी तीनला जातो, रात्री एकला येतो. काम काय, तर अमेरिकेतल्या कापायच्या गुरांचे आणि मक्याचे भाव लिहायचे. आम्ही माळकरी. मी दाणाबाजारात माथाडी, पण असली नोकरी कधी ऐकली नाही. हा सट्टा तर नव्हे? बँकेच्या परीक्षा दे म्हणून सांगू का?’
– एक वडील, काळाचौकी

नमस्कार दादा,

तुम्ही मशीद बंदरला आणि मग वाशीला ज्या मालाची ओझी वाहिलीत, त्याच मालाचा भाव का हलतो हे तुमचा मुलगा लिहितो. गोणी तेवढी शिकागोत, म्हणजे अमेरिकेत मक्याचा आणि गुरांचा मोठा बाजार जिथे भरतो तिथे आहे.

माळेचं आधी बोलू. मुलगा जनावर विकत नाही, घेत नाही. तिथल्या व्यवहाराची माहिती वाचून त्यावर टिपण करतो. तरीही घरात ते खुपत असेल तर ‘मला फक्त धान्य द्या’ असं तो साहेबांना विचारू शकतो. माझं मत विचाराल तर त्याने विचारू नये, कारण तिथे गुरं कळल्याशिवाय मका कळत नाही.

तुमच्या गावाकडे दावणीला गाय असेलच. कालवड विकायची की ठेवायची, हा प्रश्न तुम्हाला मी समजावायला नको. अमेरिकेत काही वर्षं दुष्काळ पडला, चारा संपला, लोकांनी गायीच विकून टाकल्या. १ जानेवारी २०२५च्या गणतीत तिथे सुमारे ८ कोटी ६७ लाख गुरं होती, १९५१नंतरची सर्वांत कमी. त्यात मेक्सिकोहून येणारी वासरं स्क्रूवर्म नावाच्या, जिवंत मांस खाणाऱ्या अळीच्या भीतीने थांबवली. भाव चढणारच. आता गंमत बघा. चढा भाव बघून शेतकऱ्याने कालवड न विकता ठेवली, तर बाजारात येणारा माल आणखी कमी होतो आणि भाव उतरायच्या ऐवजी अजून चढतो. ती गाभण राहणार, विणार, वासरू मोठं होणार, यात दोन-अडीच वर्षं सहज जातात.

मक्याचं नेमकं उलटं झालं. युक्रेनच्या युद्धानंतर २०२२मध्ये बुशेलला आठ डॉलरवर गेलेला मका २०२४मध्ये चारच्या खाली उतरला (बुशेल म्हणजे मक्याचे पंचवीस किलो, आपल्या कट्ट्याच्या निम्मे), आणि २०२५मध्ये तिथे विक्रमी पीक आलं. दाणा स्वस्त, मग गुरं पुष्ट करणारे मोठे गोठेवाले वासरासाठी जास्त पैसे मोजायला तयार. म्हणजे मका पडला की वासरू महागतं! पण हेही दरवेळी खरं ठरत नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये त्यांच्या अध्यक्षांनी अर्जेंटिनाहून गोमांस आणण्याची भाषा केली आणि गुरांचे वायदे (पुढच्या तारखेला द्यायच्या मालाचा भाव आजच ठरवणारे सौदे) एकदम खाली आले. मक्याचा त्यात काही हात नव्हता.

सट्ट्याची शंका रास्त आहे. वायदेबाजार मुंबईला नवा नाही. कापसाचा संघटित वायदा १८७५ पासून इथेच चालला, आणि तुम्ही रोज गाडी पकडता त्या कॉटन ग्रीनचं नावही त्या व्यापाराचंच. टिपण लिहिणं सट्टा नाही, पण टिपण लिहिणाऱ्याला ‘आपल्याला कळतंय’ असं वाटू लागतं, आणि धोका तिथे सुरू होतो. एवढं त्याला स्पष्ट सांगा: परदेशी एक्स्चेंजवर मार्जिन, म्हणजे सौद्यासाठीची अनामत, भरायला आपल्या इथून वैयक्तिक पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. फोनवरचं कुठलं अॅप ‘शिकागोत खेळा’ म्हणत असेल तर ते लगेच काढून टाकायला लावा.

बँकेची परीक्षा द्यायची तर देऊ दे, पण ही नोकरी सोडून नको. निदान दोन वर्षं इथे काढू दे. इथल्या शेतमालाच्या वायद्यांत सध्या फारशी जागा नाही. डिसेंबर २०२१मध्ये बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने गहू, हरभरा, सोयाबीन, मोहरी, मूग, पामतेल आणि बिगरबासमती भाताचे वायदे थांबवले आणि ती बंदी पुढे वाढतच गेली. तेव्हा शिकागोचं शिकणं हा आज बरा रस्ता आहे. पेंड, कोंबडीखाद्य, इथेनॉल, तेल यांच्या खरेदी विभागांना मक्याचं गणित कळणारी माणसं लागतात. दरम्यान सेबीच्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेची कमोडिटी डेरिव्हेटिव्ह्जची, म्हणजे मालाच्या वायद्यांची परीक्षा त्याने द्यावी, रिसर्च अॅनालिस्टची त्यानंतर.

रात्रीचं मात्र मला पटत नाही, पण इलाज नाही. तिथला दिवसाचा बाजार आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला उघडतो, हिवाळ्यात आठला. त्यांच्या कृषी खात्याचा महिन्याचा पीक-अंदाजही रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला येतो. त्या दिवशी घरी जेवायला ये म्हणून फोन करू नका. रात्री सोडायला कंपनीची गाडी आहे का, हे त्याने लेखी घ्यावं.

खरी काळजी वेगळीच आहे. ‘मका दोन सेंटने वर, गुरं एक डॉलरने खाली’ एवढंच तो लिहीत असेल तर ते काम संगणक आजच करतो. म्हणून येत्या रविवारी त्याला समोर बसवा आणि विचारा, ‘कालवड ठेवली की भाव का चढतो?’ इंग्रजी शब्द न वापरता, तुम्हाला पटेल असं सांगू दे. अडखळला तर त्याचं मागच्या आठवड्याचं एक टिपण मला पाठवा. पुढचं मी त्याच्याशीच बोलेन.