कोकण किनाऱ्याचा जुना एक-इंची नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर तिरका का बसतो?

तुम्ही हर्णै-केळशी भागाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा (४७ जी/१) किनाऱ्याचे आणि खाडीच्या वळणांचे बिंदू जुळवून बसवला आणि खाजणांचे (खाडीकाठी बांध घालून राखलेल्या खार जमिनींचे) बांध उपग्रहचित्रावर पाण्यात गेले, असं लिहिलंय. चूक त्या बिंदूंतच आहे. नकाशावरची किनाऱ्याची रेषा ही भरतीची रेषा असते. पुळण आणि खाडीचं मुख तर दरवर्षी सरकतं. जे हलतं त्याला खुंटी मानू नका.

त्याऐवजी अक्षांश-रेखांशांच्या रेघा धरा. ही शीट १५ मिनिटांची, म्हणजे दर ५ मिनिटांच्या छेदांचे १६ बिंदू मिळतात. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे जुळवायच्या संगणक-प्रणालीत) ते देताना संदर्भप्रणाली, म्हणजे अक्षांश-रेखांश कशाच्या आधारे मोजलेत ती पद्धत, कल्याणपूर १९७५ (यादीतला क्रमांक ईपीएसजी ४१४६) निवडा. आजच्या उपग्रहचित्रांची डब्ल्यूजीएस ८४ प्रणाली ठेवलीत तर या भागात सगळं शंभराहून अधिक मीटर सरकतं, आणि खाजणात तेवढ्या फरकानेही बांध खाडीत जातो. शीट फार जुनी असेल तर समासातली टीप आधी वाचा: रेखांशातून सुमारे २ मिनिटं २७ सेकंद वजा करायला सांगितलं असेल, तर ते विसरल्यास नकाशा ४ किलोमीटरहून जास्त पूर्वेला जातो.

१ इंचाला १ मैल म्हणजे १:६३,३६०. कागदावरचा १ मिलिमीटर जमिनीवर ६३ मीटर. सरासरी चूक ३० मीटरच्या आत आली की थांबा, त्याहून बारीक अचूकता या कागदात नाहीच. घडीपाशी कागद आखडलेला असतो, तिथले बिंदू जास्त चुकतात. पडताळा सुवर्णदुर्गाच्या तटावर घ्या, तो जागचा हललेला नाही.

आता खाजणं. समोच्च रेषांत ती शोधू नका. रेषांमधलं अंतर साधारण ५० फूट आणि खार जमीन पहिल्या रेषेच्याही खाली, त्यामुळे तिथे नकाशा सपाटच दिसतो. बांधाची खुणेची रेघ आणि तिच्या आतला लागवडीचा पिवळा रंग बघा. खाडीचा फाटा बांधापाशी अचानक तुटत असेल, तर तिथे उघाडी (पाणी आत-बाहेर सोडायचं बांधातलं दार) असण्याची शक्यता मोठी. प्रत्यक्ष जाऊन बघण्यासारखी जागा तीच.

गटाची हद्द मात्र यावरून ठरवू नका. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातला गाव नकाशाच लागतो.