विडी, दारू आणि बसलेला आवाज

प्रश्न : वडील ६२ वर्षांचे आहेत. चाळीस वर्षं रोज एक बंडल विडी ओढतात. दीड महिन्यापासून आवाज बसलाय, पण दुखत काहीच नाही. हळद-दूध झालं, आल्याचा रस झाला, अँटिबायोटिकचा एक कोर्सही झाला. ते म्हणतात, 'विडीत तंबाखू असते तरी केवढी?' विडीने घशाचा कॅन्सर होतो का?

उत्तर : होतो. विडीत तंबाखू कमी असते हे खरं, पण हिशेब धुराचा करायचा. सिगारेटच्या कागदातून थोडी हवा आत शिरते, टेंभुर्णीच्या पानातून ती फारशी शिरत नाही. त्यामुळे विडी विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोरात घ्यावे लागतात, आणि तो धूर फुप्फुसात उतरण्याआधी स्वरतंतूंना घासून जातो.

'दुखत नाही' यावर विसंबू नका. सुरुवातीला हा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. स्वरतंतूची कडा जराशी खडबडीत झाली तरी आवाज बदलतो, म्हणून तिथला कॅन्सर लवकर कळू शकतो. शिवाय स्वरतंतूत लसिकावाहिन्या (लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) फार कमी, त्यामुळे तो गळ्यातल्या लसिकाग्रंथींपर्यंत उशिरा पोचतो. या टप्प्यावर नुसत्या रेडिएशनने किंवा लेझरने दहातले नऊ रुग्ण बरे होतात, बोलणंही बहुतेक टिकतं. स्वरयंत्राच्या बाजूच्या खोबणीतला कॅन्सर मात्र लबाड. तो गप्प वाढतो आणि मानेला गाठ आली, घास अडकू लागला किंवा एकाच कानात दुखू लागलं की मग कळतो.

तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसला की कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. तुमचा दीड महिना झालाय, दुसरा अँटिबायोटिक कोर्स नको. नाकात बधिर करणारा फवारा मारून बारीक, वाकणारी दुर्बीण आत सरकवतात, काम पाच-दहा मिनिटांचं. घसा बधिर असेपर्यंत, साधारण तासभर, काही खायचं-प्यायचं नाही, नाहीतर ठसका लागतो. संशय आला तर तुकडा काढून तपासतात. निदान पेशींच्या तपासणीवरच होतं, रक्ताच्या चाचणीवर नाही.

विडी आजच थांबवावी. उपचार सुरू असताना ओढत राहिल्यास रेडिएशनचा परिणाम कमी होतो. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली विडी लागत असेल तर निकोटीन गम ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. कोणता ते डॉक्टरांना विचारून. चुणचुण लागेपर्यंत हळू चावायचा, मग गालात धरून ठेवायचा. चुणचुण गेली की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. लोक तो च्युइंगमसारखा भराभर चावतात, निकोटीन पोटात जातं, उचक्या लागतात आणि 'गम कामाचा नाही' म्हणून विडी परत सुरू. गम घेण्याआधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, सरबतही नको. सरकारी मोफत हेल्पलाइन : १८००-११-२३५६.

प्रश्न : मी फक्त शनिवारी दोन-तीन पेग घेतो, सोबत पाच-सहा सिगारेटी. एवढ्याने काय होणार?

उत्तर : रोज पिणाऱ्यापेक्षा धोका कमी, पण शून्य नाही. आणि तुमची जोडी वाईट. दारू आणि धूर एकत्र आले की धोक्याची बेरीज होत नाही, जवळपास गुणाकार होतो. दारूचं शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी रसायन बनतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. शिवाय दारूने सैल झालेल्या अस्तरातून तंबाखूची विषं सहज आत जातात. व्हिस्की की बिअर याने फरक पडत नाही, अल्कोहोल किती गेलं याने पडतो.

न ओढणाऱ्यांनाही टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा कॅन्सर होतो. त्यामागे अनेकदा एचपीव्ही विषाणू असतो.

प्रश्न : आई फक्त मिश्री लावते आणि साधी सुपारी खाते. चालेल ना?

उत्तर : नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक आहे. आईंना तोंड उघडून आपलीच तीन बोटं उभी आत घालायला सांगा. जात नसतील किंवा तिखट झोंबत असेल, तर याच आठवड्यात तोंड दाखवून घ्या.