कळांचं इंजेक्शन घेतलं की सिझर होतंच का?

ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर राहणारी, सदतिसावा आठवडा लागलेली एक पहिलटकरीण नवरा आणि सासूबाईंना घेऊन आमच्याकडे समुपदेशनाला आली. प्रश्न एकच होता. "ताई, कळांचं इंजेक्शन दिलं की शेवटी सिझरच करतात ना? मग मी ते नकोच म्हणून सांगू का?" मागच्या वर्षी तिच्या जावेचं तसं झालं होतं. तारखेच्या आठवडाभर आधी भरती, गर्भपिशवीचं तोंड मऊ करायला जेल, मग कळांचं इंजेक्शन घातलेली सलाईन (म्हणजेच ड्रिप), दिवसभर कळा आणि रात्री सिझर. ही हकीकत घरात इतक्यांदा निघाली होती की हिने इंजेक्शनचा आणि सिझरचा संबंध पक्का धरूनच टाकला. मग मोबाईलवर घरच्या बाळंतपणाचे व्हिडिओ बघणं सुरू झालं आणि गोष्ट "घरीच सुईण बोलावली तर?" इथपर्यंत आली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी उगाच केलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणं सिझरने झाली, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. खासगीत येणाऱ्यांचं वय, आधीची सिझर वगैरे सगळं धरलं तरी एवढी तफावत निव्वळ गरजेपोटी आहे, असं आम्हाला वाटत नाही. पण म्हणून इंजेक्शनच नको म्हणणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

तिची स्वतःची फाईल चांगली होती. बीपी, शुगर ठीक, हिमोग्लोबिन ११.४, बाळाचं डोकं खाली, वाढ आठवड्यांप्रमाणे. जावेचं डिस्चार्ज कार्डही तिने आणलं होतं, आणि बोलण्याची सुरुवात त्या कार्डापासूनच झाली. त्यावर लिहिलं होतं: ३९ आठवडे, दोनदा जेल, मग ड्रिप, आठ तासांनंतर 'चार सेंटीमीटरवर प्रगती थांबली'.

पिशवीचं तोंड पूर्ण उघडतं म्हणजे दहा सेंटीमीटर. त्यातले पहिले पाच फार सावकाश होतात, कारण तोंड आधी मऊ होतं, पातळ होतं आणि मग उघडतं. पहिलटकरणीला यात दिवस-दीड दिवससुद्धा लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटीमीटरपासून मोजायला सांगितला. 'तासाला एक सेंटीमीटर उघडलंच पाहिजे' हा जुना हिशेबही सोडून द्यायला सांगितला. पाचनंतर पहिल्या खेपेला बारा तासांपर्यंतचा वेळ चालतो. म्हणजे चारवर 'थांबलं' असं म्हणतात, तेव्हा पुष्कळदा खरी प्रगती सुरूच झालेली नसते. लेबर रूमच्या बाहेर बसलेल्या घरच्यांना "दोन बोटं उघडलंय" एवढंच कळतं आणि वाटतं, आता झालंच. दोन बोटं म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर.

तरी जावेची सिझर चुकीची होती, असं कार्ड वाचून म्हणता येत नाही. त्या रात्री बाळाचे ठोके कसे होते, डोकं कुठल्या बाजूला वळलं होतं, हे कार्डावर नाही. ते तिला स्पष्ट सांगितलं, आणि घरी जाऊन जावेला "तुझी उगाच केली" असं म्हणू नका, हेही.

इंजेक्शनने सिझर वाढतंच, असंही नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी जोखमीच्या पहिलटकरणींमध्ये ३९ व्या आठवड्यात औषधाने कळा सुरू केलेल्यांत सिझरचं प्रमाण १८.६ टक्के निघालं, वाट पाहिलेल्यांत २२.२ टक्के. पण तिथे डॉक्टरांनी धीर धरला होता, ही गोष्ट त्या आकड्यांइतकीच महत्त्वाची आहे. तोंड कडक आणि बंद असेल तर आधी जेल, गोळी किंवा फुग्याची नळी वापरून ते तयार करायला वेळ द्यावा लागतो. पाणमोट फोडून ड्रिप लावल्यावरही आई-बाळ ठीक असतील तर 'इंडक्शन फेल' (औषधाने कळा सुरू करणं जमलं नाही) म्हणण्याआधी निदान बारा ते अठरा तास थांबायला हवं. हा धीर सुटला की जावेसारखी कार्डं तयार होतात.

म्हणून सरळ नकार देण्यापेक्षा तीन गोष्टी विचारा, असं तिला सुचवलं. कशासाठी? तोंड किती तयार आहे? एक-दोन दिवस थांबलं तर काय होईल? बीपी चढतंय, पाणमोट फुटलीय, बाळाची वाढ मंदावलीय, ४१ आठवडे पूर्ण झालेत, ही कारणं खरी आहेत आणि तिथे अडून बसणं धोक्याचं. 'नाळ गळ्याभोवती आहे' हे एकट्याने कारण होत नाही. जन्मताना पुष्कळ बाळांच्या गळ्याभोवती वेढा असतो आणि तो बहुतेक वेळा सहज निघतो. 'पाणी कमी आहे' म्हणाले तर आकडा विचारायचा. पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा दोन सेंटीमीटरच्या खाली असेल तर कमी. आणि तारीख उलटली म्हणून घाबरायचं नाही, कारण नेमकी तारखेलाच होणारी बाळंतपणं शंभरात चार-पाच. फक्त ती तारीख पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून धरलेली आहे ना, ते फाईलमध्ये बघून घ्यायचं.

ड्रिपबद्दल तिला सगळ्यात जास्त भीती होती, म्हणून ती कशी चालते ते नीट सांगितलं. साधारण पाचशे मिलि सलाईनमध्ये ऑक्सिटोसिनचे पाच युनिट घालतात, अगदी थोड्या थेंबांनी सुरुवात करतात आणि दर अर्ध्या तासाने वाढवतात. दहा मिनिटांत तीन-चार कळा, प्रत्येक चाळीस-पंचेचाळीस सेकंदांची, एवढं झालं की वाढवणं थांबायला हवं. कळ येते तेव्हा वारेकडे जाणारा रक्तपुरवठा कमी होतो आणि दोन कळांच्या मधल्या वेळात बाळ पुन्हा दम घेतं. दहा मिनिटांत पाचांहून जास्त कळा यायला लागल्या की हा मधला वेळच उरत नाही, ठोके पडतात आणि घाईने सिझर करावी लागते. अशा वेळी ड्रिप बंद करून डाव्या कुशीवर वळवलं की बऱ्याचदा ठोके सावरतात. ड्रिप चालू असताना पोटावर हात ठेवून कळा मोजणारी सिस्टर जवळ हवी आणि ठोके सतत तपासले जायला हवेत. "माझ्या कळा कोण मोजणार?" हा प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, असं तिला सांगितलं.

इतका वेळ गप्प बसलेल्या सासूबाई मग बोलल्या. "पहिली कळ आली की निघायचं. घोडबंदरला ट्रक बंद पडला तर गाडीत बाळंतपण व्हायचं." ही भीती त्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला कळेल. पण आमच्या मते नको असलेल्या उपचारांची साखळी बऱ्याचदा इथूनच सुरू होते. दोन सेंटीमीटरवर भरती झालं की घड्याळ चालू होतं. सहा तासांत काही हललं नाही की घरचे अस्वस्थ, डॉक्टरांवर दबाव, मग ड्रिप, मग पाणमोट फोडणं. पहिल्या खेपेला साधारण पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी कळ, असं तासभर चाललं की निघावं. लांबून यायचं असेल तर सात-आठ मिनिटांवर निघा, किंवा शेवटचे दिवस हॉस्पिटलजवळ राहा. तिची मावशी नौपाड्यात होती, ते सोयीचं झालं. पोचल्यावर तीन सेंटीमीटर निघालं, ठोके ठीक आणि पाणमोट शाबूत असेल तर "वॉर्डात चालत राहू का, ड्रिप लगेच नको" असं विचारता येतं.

काही वेळा मात्र कळांची वाट बघायची नाही, तडक निघायचं: पाणी गेलं, त्यातही हिरवट असेल तर, लालभडक रक्त, बाळाची हालचाल कमी, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, ताप. गाडी नसेल तर १०८.

घरच्या बाळंतपणावर उत्तर 'नाही' असंच दिलं, आणि का तेही सांगितलं. वार पडल्यावर पिशवी आवळली नाही तर काही मिनिटांत अर्धा लिटर रक्त जातं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटातच मास्क लावून श्वास द्यावा लागतो. घोडबंदरवरच्या गायमुखच्या चढावर अडकलेल्या गाडीत यातलं काहीच होत नाही. तिला हवं होतं ते शांतपणे, सोबत राहून केलेलं बाळंतपण, आणि ती मागणी रास्त आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार नर्सिंग झालेल्या परिचारिकेला मिडवाइफ होण्यासाठी अठरा महिन्यांचं जादा प्रशिक्षण मिळतं आणि ती रुग्णालयातच, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असताना नॉर्मल बाळंतपण सांभाळते. गावाकडची दाई वेगळी आणि डूलाही वेगळी. डूला धीर देते, पाठ चोळते, पण ठोके तपासणं तिचं काम नाही.

टाक्यांचा विषय लवकर संपला. बाळ बाहेर येताना योनीमार्गाच्या तोंडाशी सरसकट छेद द्यायचा नाही, ही आता जागतिक शिफारस आहे. बाळ अडलं, ठोके पडले किंवा चिमटा लावावा लागला तर छेद योग्य. डोकं बाहेर येताना कोमट कापडाचा शेक दिल्याने मोठी फाट टळायला मदत होते. मात्र वरून पोट दाबून बाळ ढकलणं ही पद्धत आम्हाला अजिबात मान्य नाही. त्याने पिशवीला आणि बाळाला इजा होऊ शकते. त्यासाठी लेबर रूममध्ये "दाबू नका" म्हणण्याचा हक्क प्रत्येकीला आहे.

हे सगळं एका कागदावर, दहा ओळींत लिहून ती अडतिसाव्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेली. नवरा सोबत राहील, हे त्यांना मान्य. चालणं मान्य. पाणी, शहाळं, सरबत चालेल, जेवण नको. उकिडवं बसून नाही, पण कुशीवर बाळंतपण करू. छेद लागला तरच. मागितलेलं सगळं मिळालं नाही, पण काय मिळणार हे आधी कळलं.

एक्केचाळीस आठवडे पूर्ण झाले तरी कळा आल्या नाहीत. इंजेक्शन नको म्हणणारी तीच आता फोनवर म्हणाली, "कारण पटलंय, तोंडही मऊ झालंय म्हणतात, जाते." एकदा जेल, रात्रीतून कळा, सकाळी सहा सेंटीमीटरवर ड्रिप. दुपारी दहा मिनिटांत सहा कळा यायला लागल्या. सिस्टरने ड्रिप बंद केली, कुशीवर वळवलं, ठोके सावरले आणि मग निम्म्या वेगाने ड्रिप पुन्हा सुरू झाली. संध्याकाळी नॉर्मल झाली. छेद नाही, छोटी फाट आणि तीन टाके. बाळ छातीवर ठेवून नाळ मिनिटभराने कापली.

बाळ झाल्या झाल्या मांडीत देतात ते दहा युनिटचं ऑक्सिटोसिनही नाकारू का, असं तिने आधी विचारलं होतं. तिला सांगितलं होतं की ते सगळ्यांनीच घ्यायचं, कारण जास्तीचा रक्तस्राव कुणाला होणार हे आधी ओळखता येत नाही. तिने ते घेतलं.