चार महिने आजी करते तरी काय?

प्रिय चिऊ,

परवा फोन ठेवल्यावर तू जाम चिडली होतीस. "सप्टेंबरच्या सुट्टीत आजी का येत नाही? सारखं काय चातुर्मास चातुर्मास! चार महिने एका जागी बसून ती करते तरी काय?" बाबांनी "तिचा नेम असतो गं" म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यावर तुझं समाधान झालं नाही, आणि व्हायलाही नको होतं. म्हणून हे लिहून तुझ्या टेबलावर ठेवतेय. तेवढाच मराठी वाचायचा सराव होईल, हा आतला हेतू आहेच.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागतो आणि कार्तिकी एकादशीला सुटतो. इथल्या कॅलेंडरवर साधारण जुलै ते नोव्हेंबर. या काळात विष्णू शेषावर झोपलेला असतो ही गोष्ट तुला आजीने सांगितली आहेच. देव झोपलेला, म्हणून लग्नं-मुंजी बंद. पण देवाने झोपायला नेमके हेच महिने का निवडले? कारण तेव्हा आपल्याकडे पाऊस असतो, आणि मावळातला पाऊस म्हणजे काय याची मेलबर्नमध्ये बसून कल्पना यायची नाही. इथे अख्ख्या वर्षात साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. जुलैत जोर धरला तर लोणावळ्याला तेवढा आठवड्याभरात पडून जातो. मी तुझ्याएवढी असताना आमची वाडी आणि हमरस्ता यांच्यामध्ये ओढा होता आणि ओढ्यावर पूल नव्हता. ओढा चढला की दूध पलीकडे जायचं नाही, पेपर अलीकडे यायचा नाही. एखादा पाहुणा अडकला तर त्यालाही भातलावणीला जुंपायचे.

अशा दिवसांत, ज्यांचं कामच फिरण्याचं त्यांनी काय करायचं? बुद्धाचे भिक्खू गावोगाव फिरत असत. लोक कुरकुरायला लागले, की पावसाळ्यात पाखरंसुद्धा घरटं करून बसतात आणि हे मात्र कोवळं गवत तुडवत, बारीक जीव चिरडत हिंडताहेत. तेव्हा बुद्धाने नियम घातला, की आषाढ पौर्णिमेनंतर तीन महिने एका जागी राहायचं. त्याला वर्षावास म्हणतात. जैन साधू-साध्वी आजही साधारण याच काळात एका गावी मुक्काम करतात. वारकऱ्यांची तऱ्हा थोडी वेगळी, ते आषाढीपर्यंत पावसात चालत राहतात. पण एकदा पंढरपूर गाठलं की त्यांच्यातले कितीतरी महाराज चातुर्मासभर तिथेच राहतात, कीर्तनं करतात. लढायासुद्धा थांबायच्या. शिवाजी महाराजांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला येत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून पुन्हा बाहेर पडत. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्या लोकांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र आहे, ते तू मोठी झालीस की मुळातून वाच. दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रयतेला त्रास देऊ नका, आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील! एवढ्या मोठ्या राजाने उंदराचा विचार केलाय याचं मला फार कौतुक वाटतं.

मागच्या वेळी आपण भाज्याची लेणी चढलो होतो, आठवतं? विसापूर किल्ल्याच्या पोटात आहेत ती. मोठ्या चैत्यगृहाच्या शेजारच्या एका अंधाऱ्या खोलीत तू दगडाच्या ओट्यावर आडवी झालीस आणि विचारलंस, "यांना उशी नव्हती?" ती त्या भिक्खूंचीच लेणी, दोन हजार वर्षांहून जुनी आहेत. खोलीला एक दार, आणि ओसरीवर आलं की समोर इंद्रायणीचं सगळं खोरं. पावसाळाभर तिथे मुक्काम करणारा माणूस ध्यान करो, पाठांतर करो, समोरचा डोंगर त्याला रोज दिसणारच. आधी काळा, मग पोपटी, श्रावणात गर्द हिरवा, आणि भाद्रपद उजाडला की कड्यांवर सोनकी फुलून पिवळा.

आता आजी. तिचे खाण्याचे नेम तुला पाठ आहेत. वांगं, कांदा, लसूण चारही महिने बंद. शिवाय श्रावणात पालेभाजी नाही, भाद्रपदात दही नाही, आश्विनात दूध नाही, कार्तिकात डाळी नाहीत. त्यात गावाची वेस ओलांडायची नाही ही भर तिची स्वतःची. सगळ्यांकडे असं नसतं, आमच्या शेजारच्या काकू चातुर्मासात चारधाम करून आल्या होत्या. दुपारचं आवरलं की आजी मागच्या पडवीत बसते, आणि उघडीप असेल तर देवराईच्या कडेला जो मोठा दगड आहे त्यावर. त्या राईत कोणी कुऱ्हाड चालवत नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही, त्यामुळे तिथे माणसाचा आवाज कमीच. तिच्या हातात माळ असते. पण मला विचारशील तर माळ निमित्ताला, आजी बघत असते.

तुझ्या लेखी पाऊस एकच. आजीच्या लेखी या चार महिन्यांत नऊ पाऊस असतात: पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती. तेरा-चौदा दिवसांनी नक्षत्र बदलतं आणि पावसाचं नाव बदलतं. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, दांडगा, धावत येणारा. पुष्याचा म्हातारा, दिवसभर रिपरिप करणारा, ना धड थांबत, ना धड पडत. हस्ताचा म्हणजे हत्तीचा. दिवसभर ऊन आणि संध्याकाळी गडगडाट करून एकदम कोसळणार. भोंडल्याला पाटावर हत्ती काढतात तो याच हस्ताचा. स्वातीचा पाऊस पडला तर मोती पिकतात म्हणे. मघांच्या पावसाबद्दलही एक म्हण आहे, पण ती आजीकडूनच ऐक. मी लिहिली तर मराठी शाळेच्या बाई मला बोलावून घेतील.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राला दरवर्षी वाहनही देतात, बेडूक, म्हैस, गाढव, उंदीर असं काहीतरी. बेडूक आला की पाऊस चांगला. या वाहनांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजीचाही अर्धाच आहे. पण "बेडूक म्हणालं होतं, आणि बघ, आठ दिवस कोरडे गेले" असं म्हणायला तरी ते आठ दिवस मोजलेले असावे लागतात ना!

एकदा भाद्रपदात तिने मला बांधावर बसवून भाताची पोटरी उघडून दाखवली होती. खोडाचा वरचा भाग जरा फुगलेला दिसतो, बास, बाकी शेत कालच्यासारखंच. नख लावून ते पान उकललं की आत लोंबी असते, पांढुरकी, ओलसर, बोटाला गार लागणारी, आणि अजून तिला दाणा म्हणावा असं काही नसतं. पुढे ती बाहेर येते, दाणा दाबला की दूध निघतं, मग ते दूध घट्ट होतं. तोवर उन्हाला चटका आलेला असतो. जून-जुलैत पश्चिमेकडून येणारे ढग आता दुपारी पूर्वेकडून चढायला लागतात. आजी तेव्हा नुसतं "परत निघाला" एवढंच म्हणते, पावसाबद्दल.

आणि याच दिवसांत दर शनिवार-रविवारी भाज्याच्या धबधब्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. स्पीकर, भाजलेली कणसं, चिप्सच्या पिशव्या, पाण्यात उभं राहून फोटो. लोकांनी मजा करू नये असं नाही, पण मला त्याचा राग येतो आणि मी तो आवरत नाही. एक दिवस पाऊस बघून गेलेल्याला पाऊसच दिसतो. ऋतू सरकताना दिसायला कालचा दिवस ठाऊक असावा लागतो, परवाचाही. आजी कुठे जात नाही, म्हणून तिला ते दिसतं. तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच आहे.

आता म्हणशील, ते तिकडे ठीक आहे, इथे कुठला पाऊस आणि कुठलं भात? खरं तर तुलाही थोडं येतं हे. सायकलवरून जाताना मॅगपाय पक्षी डोक्यावर झडप घालायला लागले आणि त्यांना लांब ठेवायला मुलांच्या हेल्मेटवर केबल टायची शिंगं उगवली, की तू कॅलेंडर न बघता सांगतेस थंडी संपली म्हणून. शाळेत मात्र चार सीझन आणि 1 सप्टेंबरला स्प्रिंग सुरू. हे चार इंग्रजांनी गलबतातून बरोबर आणले. मेलबर्न वसलं 1835 साली. त्याच्या हजारो वर्षं आधीपासून इथे राहणाऱ्या वुरुंजेरी लोकांचे ऋतू सात आहेत, आणि नावं इथल्याच जिवांची. जुलैपर्यंत वॉम्बॅटचा ऋतू, ऑगस्टात ऑर्किडचा, सप्टेंबर-ऑक्टोबरात बेडकांच्या पिल्लांचा, नोव्हेंबरात गवत फुलण्याचा. म्हणजे आजीचा एक चातुर्मास होईपर्यंत त्यांचे चार ऋतू हजेरी लावून जातात. वुरुंजेरी बायका मर्नाँग नावाचा कंद काठीने उकरून काढायच्या. वसंतात त्याला पिवळी फुलं येतात. गोऱ्यांची मेंढरं आली आणि थोड्याच वर्षांत त्या कंदांची माळरानं फस्त झाली. ज्यांना कुठे काय कधी उगवतं ते माहीत होतं, त्यांच्याच पायाखालची जमीन गेली. शाळेत हे शिकवतात का, मला सांग.

तर माझा बेत असा. यंदा चातुर्मासात आपणही एक नेम करायचा. दर शनिवारी सकाळी आपल्या ओढ्यावर, मेरी क्रीकवर, पुलापलीकडच्या वळणाला तो काळा खडक आहे ना, तिथे अर्धा तास बसायचं. तो खडक बेसॉल्टचा, भाज्याची लेणी कोरली आहेत त्याच जातीचा. दोन्हीकडे कधीकाळी लाव्हा वाहिला होता. फोन घरी. बोलायचं नाही. कंटाळा येईल, तो येऊ द्यायचा. बाबा पहिल्या दहा मिनिटांत चुळबुळ करतील, त्यांच्याकडे बघून हसायचं नाही.

खडकासमोर सिल्व्हर वॉटलचं झाड आहे. आत्ता त्याच्या फांद्यांवर हिरवट कळ्यांचे झुबके आहेत, एकेक कळी मोहरीएवढी. खालची वाकलेली फांदी तुझी. तिच्यातली पहिली कळी पिवळी कधी झाली ते तू सांगायचं, मी विचारणार नाही. आणखी एकाची वाट बघायची आहे, सेक्रेड किंगफिशरची, म्हणजे इथल्या खंड्या पक्ष्याची. तो थंडीत उत्तरेला जातो आणि वसंतात परत येतो. मेरी क्रीकची पार गटारगंगा झाली होती तेव्हा तो इथून दिसेनासा झाला होता. आसपासच्या लोकांनी कचरा काढला, इथलीच झाडं पुन्हा लावली, आणि तो परतला. यंदा ऑक्टोबरात तो आपल्या वळणावर दिसेल न दिसेल, खात्री कोण देणार.

घरी आलो की आजीला फोन. गेल्या शनिवारी नव्हती आणि या शनिवारी आहे अशी एक गोष्ट तू तिला सांगायची, ती तिकडची एक तुला सांगेल. "काही नाही" हे उत्तर चालणार नाही. तिला हे मी कालच कळवलंय. "वॉटल म्हणजे बाभळीपैकीच ना?" असं तिने विचारलं. आहे बाई, त्याच कुळातलं. तिला इतका आनंद झाला की विमानाचा विषयच राहून गेला.

तिकीट कार्तिकीनंतरचं काढतोय. तुझ्या मोठ्या सुट्टीत ती इथे असेल आणि तोवर नेम सुटलेला असेल, तेव्हा भरली वांगी होणार हे तिने आत्ताच जाहीर केलंय.

हो, एक राहिलंच. एकादशीच्या दोन दिवस आधी कांदेनवमी. पुढे चार महिने कांदा नाही, म्हणून त्या दिवशी कांद्यावर मनसोक्त ताव मारायचा: भजी, थालीपीठ, पीठ पेरून कांद्याची भाजी. आपण कांदा सोडणार नाही आहोत, पण कांदेनवमी सोडायचं काही कारण मला दिसत नाही. कांदे बाबा चिरतील. त्यांना अजून सांगितलेलं नाही, तू सांग.

तुझी,
आई